मल्टी-लेव्हल मार्केटिंगमधून पैसे मिळतात का? एका वहीतला हिशेब

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी मामेबहीण शंभर पानी वही आणि बिलांनी भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मी मिरजेत छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची रिटर्न भरते. ताईचा प्रश्न साधा होता. "अगं, मला वर्षभर कमिशन येतंय. त्याचं रिटर्न भरावं लागेल का?" चौदा महिन्यांपूर्वी तिच्या नणंदेनं तिला एका 'नेटवर्क'मध्ये घेतलं होतं. साबण, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या असा सगळा माल.

उत्पन्न किती हे कळायला आधी खर्च बघावा लागतो, म्हणून आम्ही दोघी चटईवर बिलं पसरून बसलो. रात्री साडेदहाला बेरीज झाली आणि ताई बराच वेळ काही बोलली नाही. कर लागेल असं उत्पन्न तिला नव्हतंच.

तो हिशेब जसाच्या तसा मांडते. पहिली खरेदी ९,८०० रुपयांची. त्यानंतर 'आयडी अ‍ॅक्टिव्ह' ठेवायला दर महिन्याला २,५०० रुपयांचा माल घ्यायचा, असे तेरा महिने ३२,५०० रुपये. कोल्हापूर आणि पुण्याच्या चार सेमिनारांची तिकिटं, एसटी आणि जेवण मिळून ६,१५०. एकूण ४८,४५० रुपये तिच्या हातून गेले. परत आलं ते असं: बाहेर विकलेल्या मालाचे ११,२०० आणि बँकेत जमा झालेलं कमिशन ५,३४०. म्हणजे १६,५४०. उरलेले ३१,९१० रुपये गेले. घरात वापरलेल्या मालाचे तिनं १८,७०० मोजले होते. तसलाच माल कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतला असता तर किती झाले असते, हे आम्ही एकेक वस्तू धरून काढलं. जेमतेम ८,०००. आणि कपाटात १३,६०० रुपयांच्या न फोडलेल्या १९ वस्तू पडून होत्या.

या चौदा महिन्यांत आपण कमावतोय असंच ताईला वाटत होतं, आणि त्यात तिचा दोष नाही. कमिशन जमा झालं की फोनवर मेसेज येतो, ग्रुपवर अभिनंदन होतं, टाळ्यांचे इमोजी पडतात. जाणाऱ्या पैशांचा मेसेज येत नाही, कारण ते 'घरखर्चातून' जातात.

मल्टी-लेव्हल मार्केटिंगमध्ये उतरावं का, असं मला महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतं. माझं उत्तर नाही असं आहे. ते का, ते गणितानं सांगते. भावनेनं सांगितलं की लोक 'तू निगेटिव्ह आहेस' म्हणून विषय मिटवतात.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते बघू. नेहमीच्या धंद्यात कारखान्यातून निघालेला माल घाऊक व्यापारी आणि किराणा दुकानदार यांच्या हातून गिऱ्हाईकापर्यंत जातो, आणि प्रत्येक जण थोडा थोडा नफा ठेवतो. थेट विक्रीत कंपनी म्हणते की आम्ही मधली माणसं काढली, तुम्हीच विका आणि तो नफा तुम्हीच घ्या. इथवर सगळं ठीक आहे. मल्टी-लेव्हलमध्ये पुढची पायरी येते. तुम्ही आणखी माणसं जोडायची आणि त्यांच्या खरेदीवर तुम्हाला टक्केवारी मिळायची. त्यांनी जोडलेल्यांच्या खरेदीवरही मिळायची. तुमच्या वरचे ते अपलाईन, खालचे ते डाऊनलाईन. म्हणजे मधली माणसं गेली नाहीत. पूर्वी दोन-तीन होती, आता दहा-बारा झाली, आणि त्या सगळ्यांची टक्केवारी त्याच टूथपेस्टच्या किमतीतून निघते. ताईची १८,७०० ची खरेदी दुकानात ८,००० ला का मिळाली असती, याचं मोठं कारण हेच आहे.

प्लॅन दाखवणारा फळ्यावर एक गोल काढतो. त्याच्याखाली सहा गोल. "तुम्ही फक्त सहा जण आणायचे. ते सहा-सहा आणतील." बघणाऱ्याची नजर वरच्या गोलावर असते, कारण तिथे 'तुम्ही' असं लिहिलेलं असतं. आपण तेच चित्र खालून बघू.

एक माणूस, त्याच्याखाली ६, त्यांच्याखाली ३६, त्यांच्याखाली २१६. एकूण २५९ माणसं. यातल्या २१६ जणांच्या खाली कोणीही नाही, म्हणजे १०० तले ८३. शेवटचे दोन थर धरले तर २५२ माणसं होतात, १०० तले ९७. आता समजा प्रत्येक जण महिन्याला २,५०० चा माल घेतो, आणि वरच्याला पहिल्या थराच्या खरेदीवर १० टक्के, दुसऱ्या आणि तिसऱ्या थरावर ५-५ टक्के मिळतात. तळाच्या २१६ जणांना शून्य. त्यांच्यावरच्या ३६ जणांना प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे स्वतःच्या २,५०० च्या खरेदीइतकेही नाहीत. त्यांच्यावरच्या सहांना ६,००० रुपये. आणि अगदी वरच्या एकाला ३३,०००. सेमिनारमध्ये स्टेजवर बोलायला हा शेवटचा माणूस येतो. तो खोटं बोलत नाही, त्याला ३३,००० खरंच मिळतात. पण ते मिळायला खाली २५८ माणसं लागतात, आणि त्यातल्या २५२ जणांच्या खिशातून दर महिन्याला जितके जातात तितके परत येत नाहीत. माल मिळतो, हे खरं. पण ते माल घ्यायला आले नव्हते, पैसे मिळवायला आले होते.

इथे लोक म्हणतात, "अगं, पण खालच्यांनीही सहा-सहा आणले की तेही वर जातील ना!" जातील. पण त्यासाठी खाली १,२९६ नवी माणसं यावी लागतील, आणि मग ती १,२९६ तळाला असतील. मनोरा कधीही थांबवा, आज थांबवा किंवा दहा वर्षांनी थांबवा, तळाच्या थरात १०० तले ८३ राहणारच. सहाच्या पाढ्याचाच तो परिणाम आहे, कोणाच्या आळशीपणाचा नव्हे. म्हणूनच सेमिनारमधलं 'ज्यांनी मनापासून काम केलं नाही तेच अपयशी झाले' हे वाक्य मला सहन होत नाही. २५९ च्या २५९ जणांनी सारखीच जीव तोडून मेहनत केली तरी २१६ तळालाच राहतील. ताई चौदा महिने स्वतःलाच दोष देत होती. आपल्याला बोलता येत नाही, आपल्यात आत्मविश्वास नाही, आपण इंग्रजी शिकायला हवं होतं.

आणि मनोरा फार वर जाऊही शकत नाही. सहा-सहाच्या हिशेबानं सहाव्या थरात ४६,६५६ माणसं लागतात, आठव्यात १६ लाख ७९ हजार, दहाव्यात ६ कोटी ४ लाख. अकराव्या थराला ३६ कोटींच्या वर माणसं हवीत. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तान्ह्या बाळांपासून नव्वदीच्या आजींपर्यंत सगळे धरून.

दुसरा एक प्रकार 'बायनरी'चा. त्यात दोनच जण आणायचे, एक डाव्या लेगला, एक उजव्या. ऐकायला फार सोपं वाटतं, म्हणून कॉलेजच्या मुलांत हाच जास्त चालतो. यातली मेख 'पेअर मॅचिंग'मध्ये आहे. पैसे मिळतात ते डावी-उजवी जोडी जुळली की. तुमच्या डाव्या बाजूला अपलाईननं भराभर ४० माणसं टाकली आणि उजव्या बाजूला तुम्ही स्वतः तीनच आणू शकलात, तर जोड्या तीन होतात आणि पैसे तीनचेच मिळतात. ती ४० माणसं दाखवून तुम्हाला सांगतात की तुमची टीम बघा किती मोठी झाली, आता फक्त उजवी बाजू ओढा. मुलगा उजवी बाजू ओढत राहतो. कुठे आठवड्याला कमाल किती जोड्यांचे पैसे द्यायचे याचं 'कॅपिंग' असतं, कुठे न जुळलेली माणसं ठरावीक मुदतीनंतर हिशेबातूनच जातात. प्लॅनच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत.

लोकांचा आवडता एक युक्तिवाद मी निदान वीस वेळा ऐकलाय. "प्रत्येक कंपनी पिरॅमिडच असते. वर एमडी, खाली मॅनेजर, त्याखाली क्लार्क, शेवटी शिपाई." नोकरीतल्या शिपायाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो. त्याला कामावर राहण्यासाठी एमडीकडून दर महिन्याला २,५०० चा माल विकत घ्यावा लागत नाही. आपल्यासारखेच सहा शिपाई आणले नाहीत म्हणून त्याचा पगार थांबत नाही. मनोऱ्याचा आकार सारखा दिसला तरी पैसा कुठून कुठे वाहतो ते बघायचं. कंपनीत तो गिऱ्हाईकाकडून येतो आणि वरून खाली पगार म्हणून उतरतो. इथे तो तळाच्या माणसाकडून निघतो आणि वर चढतो.

विमा एजंटाचं उदाहरणही देतात. पण एजंट पॉलिसी विकतो ती बाहेरच्या माणसाला. पॉलिसी घेणारा पुढे एजंट व्हावा, त्यानं आणखी एजंट आणावेत अशी त्याच्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. भिशीशीही तुलना करू नये. बारा जणींच्या भिशीत प्रत्येकी हजार टाकले तर प्रत्येकीला आळीपाळीनं बारा हजारच मिळतात. तेरावी बाई आणल्याशिवाय बारावीचे पैसे सुटत नाहीत असं भिशीत नसतं.

आता कायद्याचं बघू, कारण 'आमची कंपनी रजिस्टर्ड आहे' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. कंपनी रजिस्टर्ड असणं म्हणजे कंपनी कायद्याखाली नोंदणी झालेली असणं. तिच्या योजनेला सरकारनं पसंती दिली असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याकडे १९७८ पासून प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सभासद जोडण्यावर अवलंबून असलेली झटपट पैशांची योजना, नाव काहीही दिलेलं असो, चालवता येणार नाही. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे अशा योजनेत सभासद होणं आणि सहभाग घेणं यालाही त्याच कायद्याची मनाई आहे. 'मी फक्त माझ्या बहिणीला जोडलं' हा बचाव होत नाही.

मग मल्टी-लेव्हल मार्केटिंग बेकायदा आहे का? सरसकट नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांनी खरोखर माल विकणाऱ्या कंपन्यांना जागा दिली आणि पिरॅमिड, म्हणजे माणसं जोडण्यावरच चालणारा मनोरा, व मनी सर्क्युलेशनला बंदी केली. सभासद जोडल्याबद्दल पैसे देता येत नाहीत, विक्रीबद्दल देता येतात. विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवं आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय त्यानं कोणाच्या घरी जायचं नाही. आधीची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि हे नियम मिळून लेखी करार, ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा आणि विकण्याजोगा माल परत घेण्याची सोय, असं बरंच विक्रेत्याच्या बाजूचं आहे. ताईला यातलं काहीही कोणी सांगितलं नव्हतं.

गोम अशी की 'जॉइनिंग फी नाही' या नियमाला बगल देणं सोपं आहे. फी नाही, फक्त पहिली खरेदी करा. सक्ती नाही, फक्त महिन्याची खरेदी केली नाही तर त्या महिन्याचं कमिशन मिळणार नाही. मग तो खरेदीचा आकडा 'विक्री' म्हणून कागदावर येतो. पण विकत घेणारा कोण? सभासदच. साखळीबाहेरचं गिऱ्हाईक त्यात किती आहे, हा या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

अमेरिकेतही भांडण याच प्रश्नावर आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१६ मध्ये हर्बालाइफ या मल्टी-लेव्हल कंपनीबरोबर तडजोड केली, तेव्हा कंपनीनं २० कोटी डॉलर भरले आणि पुढच्या वर्षी जवळपास साडेतीन लाख लोकांना त्यातून चेक गेले. शिवाय मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग खऱ्या, नोंद ठेवलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असला पाहिजे, असं बंधन कंपनीवर आलं. त्याच कमिशननं २०२४ मध्ये ७० मल्टी-लेव्हल कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरसुद्धा नाहीत. निदान १७ कंपन्यांत तर बहुसंख्य सभासदांना काहीच मिळालं नव्हतं. आणि या पत्रकांत बहुतेक ठिकाणी सभासदांचा खर्च वजा केलेला नव्हता.

आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये ईडीनं अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली आणि ही पिरॅमिड फसवणूक आहे असा आरोप केला. कंपनीनं आपण कायद्यानुसारच काम करतो असं म्हटलं. दोष कोणाचा ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे. मला ईडीच्या निवेदनातले दोन आकडे महत्त्वाचे वाटतात. ईडीच्या म्हणण्यानुसार २००२-०३ पासून सुमारे वीस वर्षांत कंपनीनं २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि भारत व अमेरिकेतल्या वितरकांना ७,५८८ कोटी कमिशन दिलं. म्हणजे १०० रुपयांत साधारण २७. सभासद मुख्यतः स्वतःसाठीच माल घेत असतील, तर सगळे मिळून १०० टाकतात आणि सगळे मिळून २७ परत घेतात. ते २७ आपापसात कसेही वाटले, एकाला जास्त नि दुसऱ्याला कमी, तरी सगळ्यांचे मिळून २७ चे १२७ होत नाहीत.

मालाचं नावही नसलेल्या योजना तर याहून वाईट. २०११ मध्ये स्पीक एशिया बुडाली तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत रडारड झाली होती. ११,००० रुपये भरायचे, आठवड्याला इंटरनेटवर दोन सर्व्हे भरायचे आणि पैसे घ्यायचे, वर आणखी सभासद जोडले की बोनस. सुमारे २,२७६ कोटींची फसवणूक झाल्याचा आरोप झाला. त्या सर्व्हेंचा उपयोग कोणाला होता, त्यांचे पैसे कोण देत होतं, हे पैसे भरणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकालाही सांगता आलं नव्हतं.

आता ताईच्या वहीकडे परत येते, कारण पैशांपेक्षा मोठं नुकसान तिथे होतं. वहीच्या पहिल्या नऊ पानांवर १०० नावांची यादी होती. जॉइन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अपलाईन ही यादी करायला लावतात. सुरुवात सख्ख्या नात्यांपासून. मग भिशीतल्या बायका, शेजारी, मुलाच्या शिकवणीच्या बाई, पार्लरवाली, पूर्वी सूतगिरणीत बरोबर काम केलेल्या. प्रत्येक नावापुढे तारीख आणि शेरा. 'प्लॅन दाखवला.' 'विचार करून सांगते म्हणाली.' 'फोन उचलत नाही.' ४१ व्या क्रमांकावर माझं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'हिला शेवटी सांगायचं, हिशेब विचारेल.' शंभरातल्या पाच जणी जॉइन झाल्या होत्या. त्यातल्या तिघींनी पहिल्या खरेदीनंतर पुढे काही घेतलं नव्हतं. 'फोन उचलत नाही' हा शेरा सतरा नावांपुढे होता. मोजताना ताईचा आवाज कापत होता. त्यातली एक तिची बालमैत्रीण होती.

या धंद्याला भांडवल लागत नाही असं सांगतात, ते खोटं आहे. माणसांनी वर्षानुवर्षं तुमच्यावर ठेवलेला विश्वास हेच इथलं भांडवल असतं. अनोळखी माणूस ८० रुपयांची पेस्ट २०० ला घेणार नाही. मैत्रीण घेईल, एकदा, तुमच्याकडे बघून. आणि तुम्हाला पोळलेलं कळलं तरी तक्रार करता येत नाही, कारण तुम्हाला यात आणणारी तुमची नणंद असते आणि तुम्ही आणलेली तुमची भाची.

मराठवाडा-विदर्भातल्या मुलांच्या बाबतीत तर मला खरंच राग येतो. 'ऑफिसात नोकरी आहे, ये' असा मित्राचा फोन येतो. पोरगा बॅग घेऊन परगावी जातो. तिथे एका खोलीत आठ-दहा जण राहत असतात, दोन-तीन दिवस वर्ग चालतात, मग पंधरा-वीस हजार भरायला सांगतात. बाप कर्ज काढून पाठवतो. आणि भरल्यावर त्या मुलाला पहिलं काम मिळतं ते हेच: गावाकडच्या मित्राला फोन करून नोकरी आहे असं सांगायचं. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याला तर इंडियन ग्रोसरीच्या रांगेत 'तुम्ही महाराष्ट्रातले का?' म्हणून एक जोडपं भेटलं, दोनदा कॉफीला बोलावलं आणि तिसऱ्या भेटीत गोल काढायला सुरुवात केली. परक्या देशात आपली भाषा बोलणारं माणूस भेटल्याचा आनंद त्यानं मला फोनवर सांगितला होता, म्हणून पुढचं ऐकताना जास्त वाईट वाटलं.

कोणी प्लॅन दाखवायला आलंच, तर काय विचारावं? मी हिशेबाची माणूस, माझी एकच मागणी असते. चेकचा फोटो नको, गाडीचा फोटो नको, गेल्या वर्षीचं तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा कागद, दाखवा. आयकराच्या साइटवर प्रत्येकाला आपापलं दिसतं. कमिशन वर्षाला ठरावीक रकमेच्या वर गेलं की कंपनीला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापावाच लागतो, आणि तो तिथे उमटतो. ही मर्यादा आधी १५,००० होती, एप्रिल २०२५ पासून २०,००० झाली. महिन्याला चाळीस हजार मिळतात म्हणणाऱ्याचा कागद या बाबतीत कोरा असूच शकत नाही. परदेश दौऱ्यासारख्या भेटींवरही कंपनीला कर कापावा लागतो. तो कागद दाखवला, तर त्याच वर्षात खरेदी, सेमिनार आणि प्रवासावर किती गेले ते विचारा. आजवर मी अशी मागणी सहा जणांकडे केली. एकानं दाखवला. वर्षाचं कमिशन २२,४०० होतं, आणि खर्चाचा आकडा त्यालाच माहीत नव्हता.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. ही वस्तू, याच किमतीला, कमिशनची कुठलीही आशा नसलेला अनोळखी माणूस दर महिन्याला घेईल का? उत्तर 'हो' असेल तर ते दुकान आहे, आणि दुकानासारखाच त्याचा विचार करा: माझा वेळ किती, मार्जिन किती, उधारी किती बुडेल. अशी विक्री करणाऱ्या काही बायका मी पाहिल्यात. त्या नवी माणसं जोडण्याच्या फंदात पडत नाहीत, ठरलेल्या तीस-चाळीस गिऱ्हाइकांना माल पोचवतात आणि महिन्याला दोन-तीन हजार सोडवतात. त्याला माझी ना नाही. कोणाला तिथला एखादा साबण आवडत असेल तर त्यानं तो जरूर घ्यावा, गिऱ्हाईक म्हणून.

जे आधीच आत आहेत त्यांनी सगळ्यात आधी महिन्याची खरेदी थांबवावी. 'एवढे घातलेत तर आणखी तीन महिने बघू' या विचारात ताईचे साडेसात हजार गेले. मग करार शोधा, बिलं तारखेनं लावा, न फोडलेला माल वेगळा काढा आणि परत घेण्याची लेखी मागणी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवा. अपलाईनशी फोनवर बोलत बसू नका. तिच्या हातात काही नसतं आणि तुमचं मन वळवायला ती शिकलेली असते. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पुढे ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन परताव्याचं आश्वासन दिलं असेल, तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा त्यासाठीच आहे. तुम्ही ज्यांना जोडलं त्यांनाही हे सांगा. अवघड आहे, पण त्यांचीही दर महिन्याची खरेदी चालूच असते.

ताईनं त्या रविवारी माझ्यासमोर बसून तो ईमेल लिहिला. पाच आठवड्यांनी कंपनीनं १९ पैकी ११ वस्तू परत घेतल्या, ७,९०० रुपये जमा झाले. बाकीच्या आठांची मुदत संपत आली होती. मग तिनं वहीतली यादी काढली आणि 'फोन उचलत नाही' असं लिहिलेल्या सतरा जणींना एकेक करून मेसेज केला: 'मी ते काम सोडलंय. सहज फोन करतेय, ये कधीतरी घरी.' त्या रात्रीपर्यंत चौघींचे फोन आले. बालमैत्रिणीचा आठव्या दिवशी आला.